मूक वर्गातले विद्यार्थी: फुकटचा कोर्स आपण अर्धवट का सोडतो?

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा जे आत्ता लायब्ररीत बसलेत आणि इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझं 'म्हणजे' आणि 'तर' फार होतं, ते थोडं छाटलंय. बाकी जसं बोललो तसंच.

सुरुवात एका व्हॉइस नोटने करतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आली होती. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. तिच्या कॉलेजात एका निवडक विषयाला शिकवायला कोणी नाही. जागा रिकामी. मग वर्गात येऊन सांगितलं गेलं की हा विषय सगळ्यांनी 'स्वयं'वर करायचा, परीक्षा द्यायची, क्रेडिट मिळतील. बारा आठवड्यांचा कोर्स. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांकडे, संध्याकाळी सातनंतर हातात येतो. व्याख्यानं इंग्रजीत. चौथ्या आठवड्यात तिचं गाडं अडलं. आणि शेवटी तिने विचारलं, "दादा, सगळे म्हणतात जगातलं सगळं शिक्षण आता फुकट मिळतं. मग मला ते घेता येत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे का?"

मी ती नोट तीनदा ऐकली. कारण हा प्रश्न मी स्वतःला कॉलेजात असताना विचारला होता, फक्त कुणाला मोठ्याने विचारायची हिंमत झाली नव्हती. मी आजवर अकरा ऑनलाइन कोर्सेसना नाव घातलंय. पूर्ण केलाय एक. त्या एकाची गोष्ट नंतर सांगतो. आधी हे सगळं आलं कुठून, ते बघू. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर या इतिहासातच आहे.

शब्द कुठून आला?

मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स. मॅसिव्ह म्हणजे प्रचंड मोठा, ओपन म्हणजे सगळ्यांना खुला. आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत होतं मूक. मराठी कानाला हे ऐकताना गंमत वाटते, कारण आपल्याकडे मूक म्हणजे न बोलणारा. हा योगायोग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा शब्द २००८ सालचा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी एक कोर्स घेतला. विषय होता, माणसं एकमेकांशी जोडली जातात त्यातून ज्ञान कसं तयार होतं. फी भरलेले विद्यार्थी साधारण पंचवीस. पण त्यांनी दार उघडंच ठेवलं: कोणीही या, फुकट या. आले सुमारे २,२०० जण. त्या प्रकाराला काय म्हणायचं, यावर डेव्ह कॉर्मियर यांनी हा शब्द सुचवला.

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. त्या पहिल्या कोर्समध्ये 'हा व्हिडिओ बघ आणि प्रश्नाचं उत्तर टिक कर' असा साचा नव्हता. लोक आपापल्या ब्लॉगवर लिहायचे, एकमेकांचं वाचायचे, वाद घालायचे. शिक्षक त्या गर्दीत फिरायचे. म्हणजे नाव मूक, पण वर्ग चांगलाच बोलका.

दीड लाखांचा वर्ग

मग येतं २०११. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग हे दोघे कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स शिकवायचे. त्यांनी ठरवलं, हाच कोर्स यंदा ऑनलाइन सगळ्यांना फुकट द्यायचा. नाव नोंदवलं सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी. पूर्ण केला वीस हजारांच्या वर लोकांनी. त्याच सत्रात अँड्र्यू इंग यांचा मशीन लर्निंगचा आणि जेनिफर विडम यांचा डेटाबेसचा कोर्सही असाच खुला झाला होता.

कल्पना करा. एक प्राध्यापक आयुष्यभर जितकी मुलं शिकवेल, त्याच्या कितीतरी पट एका सत्रात. थ्रन यांच्याच सांगण्यानुसार, स्टॅनफर्डच्या प्रत्यक्ष वर्गात साधारण दोनशे मुलं होती, ती हळूहळू तीसवर आली. बाकीच्यांना खोलीत बसून व्हिडिओ बघणं बरं वाटायला लागलं.

यानंतर जे झालं ते फार वेगात झालं. २०१२च्या सुरुवातीला थ्रन यांनी युडॅसिटी काढली. त्याच वर्षी अँड्र्यू इंग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा सुरू केली. मे महिन्यात एमआयटी आणि हार्वर्डने प्रत्येकी ३ कोटी डॉलर घालून एडएक्स जाहीर केलं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ला थेट 'मूकचं वर्ष' म्हणून टाकलं. थ्रन तर म्हणाले होते की पन्नास वर्षांत जगात उच्च शिक्षण देणाऱ्या फक्त दहा संस्था उरतील.

आणि उत्साह वाटावा असं खरंच घडतही होतं. एमआयटीचा पहिला खुला कोर्स होता सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. शिकवत होते अनंत अगरवाल, आपल्या आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. दीड लाखांवर लोकांनी नाव नोंदवलं. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ३४० निघाले, आणि त्यात मंगोलियातल्या उलानबातरचा पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. पुढे त्याला एमआयटीत प्रवेश मिळाला.

ही गोष्ट तेव्हा जगभर सांगितली गेली. सांगायलाच हवी होती. पण एक बारीक गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. त्यांनी हा कोर्स मुलांपुढे आणला, आणि मुलांना हाताने प्रयोग करता यावेत म्हणून अमेरिकेतून मदतीला माणूस बोलावला. म्हणजे व्हिडिओ होताच, पण व्हिडिओच्या शेजारी एक माणूसही होता. हेही लक्षात ठेवा.

मग आकडे आले

दोन वर्षांनी हिशेब झाला. हार्वर्ड आणि एमआयटीने आपल्या पहिल्या सतरा कोर्सेसची आकडेवारी २०१४च्या जानेवारीत जाहीर केली. एकूण नोंदण्या ८,४१,६८७. प्रमाणपत्रं किती? ४३,१९६. म्हणजे शंभरातले पाच. आणि जवळपास २ लाख ९३ हजार नोंदण्या अशा, की ज्यांनी नाव घातल्यावर कोर्सचं पान एकदाही उघडलं नाही.

हे वाचून मला फार हायसं वाटलं होतं. म्हटलं, चला, आपल्यासारखे लाखो आहेत.

थोडं न्यायानेही बोलायला हवं. नाव घालणारा प्रत्येक जण कोर्स पूर्ण करायलाच आलेला नसतो. एखाद्याला एकच प्रकरण हवं असतं. एखादा नुसता डोकावायला येतो, जसं आपण पुस्तकांच्या प्रदर्शनात चार पुस्तकं चाळतो आणि एक घेतो. त्या अहवालातही हे म्हटलं होतं. ते मान्यच. पण पुढच्या वर्षांत हे प्रमाण वाढलं का? नाही. २०१९मध्ये जस्टिन राइश आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'सायन्स' या नियतकालिकात त्याच दोन विद्यापीठांची एकूण सहा वर्षं तपासली. २०१७-१८मध्ये कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. मात्र ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव घातलं होतं, त्यांच्यात हेच प्रमाण होतं ४६ टक्के.

आणि शिकत कोण होतं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३मध्ये कोर्सेरावरच्या आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यातल्या ८३ टक्के लोकांकडे आधीच कुठली ना कुठली पदवी होती. म्हणजे ज्यांना शिकायचं कसं हे आधीच माहीत होतं, ज्यांच्या घरात टेबल, खुर्ची, लॅपटॉप आणि शांतता होती, तेच पुढे गेले. दार सगळ्यांना उघडं होतं, हे खरं. पण दारापर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या घरापासून सारखाच नव्हता.

एकच कॉलेज, दोन निकाल

आता मी ज्या गोष्टीसाठी हा भाग केला तिथे येतो. कॅलिफोर्नियात सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी आहे. सरकारी, साध्या घरातली मुलं शिकतात अशी. इथे एकाच वर्षात दोन प्रयोग झाले.

पहिला, २०१२च्या शेवटच्या सत्रात. एमआयटीचा तोच सर्किट्सचा कोर्स घेतला. मुलांनी व्हिडिओ घरी बघायचे, आणि वर्गात येऊन शिक्षकांसमोर, गटात बसून गणितं सोडवायची. विषय अवघड. नेहमीच्या वर्गात पास होणाऱ्यांचं प्रमाण ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात असायचं. या वर्गात ९१ टक्के पास झाले. एकच वर्ग होता, ऐंशीच्या आसपास मुलं, म्हणून यावरून जगाचा नियम काढू नका. पण दुर्लक्ष करण्यासारखा आकडा नाही.

दुसरा प्रयोग, २०१३च्या पहिल्या सत्रात. युडॅसिटीबरोबर. गणिताचे दोन आणि सांख्यिकीचा एक असे तीन कोर्स, पूर्ण ऑनलाइन. मुलांमध्ये काही जण आधी गणितात नापास झालेले, काही अजून शाळेतले, काहींकडे घरी धड कॉम्प्युटरही नव्हता. निकाल वर्गात शिकणाऱ्या मुलांपेक्षा बराच खाली आला, आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवला गेला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारला खरा, पण त्या खेपेला नाव घालणाऱ्यांत आधीच पदवी घेतलेले निम्म्याहून जास्त होते. बघा, पुन्हा तेच.

एकच कॉलेज. दोन्हीकडे व्हिडिओ चांगलेच. फरक कशाचा? विषय वेगळे, मुलंही वेगळी, हे आहेच. पण पहिल्या प्रयोगात अडलं की हात वर करायला समोर माणूस होता.

त्याच कॉलेजच्या तत्त्वज्ञान विभागाने एप्रिल २०१३मध्ये एक उघडं पत्र लिहिलं, हार्वर्डच्या मायकल सँडल यांना. सँडल यांचा न्याय या विषयावरचा कोर्स फार गाजलेला आहे, मीही त्यातली काही व्याख्यानं बघितलीयत, अप्रतिम आहेत. हा कोर्स आपल्या वर्गात वापरायला या प्राध्यापकांनी नकार दिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: पैसेवाल्या विद्यापीठांतल्या मुलांना खरे प्राध्यापक मिळतील, आणि आमच्या मुलांना त्या प्राध्यापकांचं चित्रीकरण. हळूहळू आमच्यासारख्या कॉलेजात शिक्षकच उरणार नाहीत.

हे पत्र वाचताना मला ती व्हॉइस नोट आठवली. अमेरिकेत ही भीती होती. आपल्या मैत्रिणीच्या वर्गात ती रिकामी खुर्ची प्रत्यक्षात आहे.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे दूरशिक्षण मूकच्या खूप आधीपासून आहे. ऑगस्ट १९८४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे. १९८५मध्ये दिल्लीत इग्नू, १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. २००३मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून एनपीटेल सुरू केलं. इंजिनिअरिंगच्या मुलांना सांगायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री खडू-फळ्याचे ते व्हिडिओ १.५ स्पीडने कोणी बघितले नाहीत? २०१३मध्ये आयआयटी मुंबई एडएक्सशी जोडली गेली आणि पुढच्या वर्षी दीपक फाटक सरांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स तिथे आला. २०१४मध्ये एनपीटेलने प्रमाणपत्राचे कोर्स सुरू केले, आणि ९ जुलै २०१७ला तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयं' सुरू झालं.

परदेशातले मूक आणि स्वयं यांच्यात एक मोठा फरक आहे. तिथे मूक विद्यापीठाच्या बाहेर वाढले. कंपन्यांना पैसा उभा करायचा होता, म्हणून फुकटचं हळूहळू कमी होत गेलं. युडॅसिटी नोकरीच्या कौशल्यांकडे वळली आणि २०२४मध्ये अ‍ॅक्सेंचरने ती विकत घेतली. कोर्सेरा २०२१मध्ये शेअर बाजारात गेली. एडएक्स त्याच वर्षी टूयू नावाच्या कंपनीला ८० कोटी डॉलरला विकलं गेलं, आणि २०२४मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. विद्यापीठं मोडीत काढणार म्हणणारे शेवटी विद्यापीठांच्याच पदव्या ऑनलाइन विकायला लागले.

आपल्याकडे मूक थेट विद्यापीठाच्या आत आणले. २०१६च्या यूजीसी नियमांनी सांगितलं की एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत कोर्स विद्यार्थी स्वयंवरून करू शकतात. २०२१मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. कोर्स कधी चालेल, याची जी कारणं २०१६च्या नियमांत दिलीत, त्यातलं पहिलंच कारण असं आहे: विभागात शिकवायला योग्य शिक्षक उपलब्ध नसणं.

म्हणजे तिच्या कॉलेजने स्वयंकडे बोट दाखवलं, त्यात नियमबाह्य काही नाही. पण थांबा, त्याच नियमांत पुढे आणखी काही लिहिलंय. कॉलेजने कोर्सभर मुलांना मार्गदर्शन करायला एक समन्वयक नेमायचा आहे. कॉम्प्युटर, प्रयोगशाळा, ग्रंथालय या सोयी मुलांना मोफत द्यायच्या आहेत. नियमाचं पहिलं वाक्य वर्गात पोचलं. दुसरं कुठेतरी वाटेत राहिलं.

माझा एक पूर्ण कोर्स, आणि आईची पदवी

आता कबूल केल्याप्रमाणे माझी गोष्ट. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, २०१६. तोवर सात कोर्स सोडून झालेले. एनपीटेलच्या एका आठ आठवड्यांच्या कोर्सला नाव घातलं. नाव घालणं फुकट. पण प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेला बसायचं, त्याची फी हजार रुपये, आणि परीक्षा घरून नाही, पुण्याच्या केंद्रावर जाऊन. मेसच्या पैशातून हजार रुपये भरले. रूममेटनेही भरले. झालं. आता सोडणार कसा? दर आठवड्याला असाइनमेंटची शेवटची रात्र आली की आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये, जिथे वाय-फाय यायचं तिथे, बादल्या उलट्या घालून बसायचो. त्याला जमायचं नाही ते मी सांगायचो, मला जमायचं नाही ते तो. ६१ टक्के मिळाले. फार नाहीत. पण तो कोर्स आजही डोक्यात आहे.

तेव्हा वाटलं, हजार रुपयांनी काम केलं. तो ४६ टक्क्यांचा आकडाही तेच सांगतो, पैसे अडकले की माणूस टिकतो. पण मागच्या दिवाळीत आईशी बोलताना वेगळंच लक्षात आलं.

माझी आई मुक्त विद्यापीठाची पदवीधर. बारावी झालेली नव्हती, म्हणून आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, मग बी.ए. मी तेव्हा बालवाडीत. तिला विचारलं, "तू कसं काय पूर्ण केलंस गं? ना व्हिडिओ, ना इंटरनेट." ती म्हणाली, "रविवार होता ना." मला कळेना. मग तिने सांगितलं. दर रविवारी तालुक्याच्या कॉलेजात अभ्यासकेंद्रावर तास असायचा. गावातून चौघी जणी एकाच एसटीने जायच्या. एखादीने टाळाटाळ केली की बाकीच्या तिघी दारात उभ्या राहायच्या. "सर काय शिकवायचे ते अर्धं विसरले बघ," आई म्हणाली, "पण एसटीत आम्ही एकमेकींना जे समजावलं ते अजून पाठ आहे."

मंडळी, मला वाटतं उत्तर हेच आहे. मंगोलियातल्या मुलाला मुख्याध्यापक होते. सॅन होजेच्या पहिल्या वर्गाला शिक्षक होते. मला रूममेट होता. आईला एसटी होती. २००८च्या पहिल्या मूकमध्ये तर अभ्यासक्रमच एकमेकांशी बोलण्याचा होता. पुढे आकडा मोठा करायच्या नादात ते बोलणं गळालं, उरला फक्त व्हिडिओ. मग तो वर्ग आपल्या मराठी अर्थाने मूक झाला. आणि मुक्या वर्गात शंभरातले तीन टिकतात.

कोणी म्हणेल, आता एआय आहे की शंका सोडवायला. अमेरिकेत जॉर्जिया टेकने २०१४पासून कॉम्प्युटर सायन्सची पूर्ण मास्टर्स ऑनलाइन दिली, सात हजार डॉलरच्या आत, आणि ती चालली. तिथेच २०१६मध्ये अशोक गोयल यांच्या कोर्सला एक सहायक यंत्र होतं आणि मुलांना सुरुवातीला ते कळलंही नाही. शंका यंत्र सोडवेल, हे मला पटतं. पण त्या पदवीत माणसं असलेले सहायकही भरपूर आहेत. आणि यंत्र रविवारी सकाळी दारात येऊन उभं राहत नाही.

तर आता करायचं काय?

त्या मैत्रिणीला जे उत्तर पाठवलं, तेच तुम्हालाही सांगतो.

पहिलं, एकटी करू नकोस. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांनी हाच कोर्स घेतलाय. त्यातल्या तिघी गोळा कर. आठवड्यातला एक वार, एक तास, एक जागा ठरवा. व्हिडिओ आधी बघून या, त्या तासाला फक्त अडलेलं बोला. मराठीत बोला. व्याख्यान इंग्रजीत असलं तरी समजून घेणं आपल्या भाषेत करायला कोणाची हरकत नाही.

दुसरं, गुणांचा हिशेब आधी समजून घे. एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सात साधारण असं असतं: असाइनमेंटचे २५ गुण, केंद्रावरच्या परीक्षेचे ७५. बारातल्या सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. म्हणजे दोन-तीन हुकल्या तर जग बुडत नाही. चौथ्या आठवड्यात अडलीस ना? अजून वेळ आहे. मात्र दुसऱ्या संस्थांच्या कोर्सना नियम वेगळे असू शकतात, म्हणून तुझ्या कोर्सचं पहिलं पान नीट वाच. आणि परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिची तारीख आजच वहीत लिही. अनेक जण शिकतात सगळं आणि हीच तारीख विसरतात.

तिसरं, फोन आणि नेट. व्हिडिओ कॉलेजच्या वाय-फायवर उतरवून घे. व्याख्यानाचा लिखित मजकूर मिळत असेल तर तो आधी वाच. घरी टीव्ही असेल तर 'स्वयंप्रभा'च्या वाहिन्यांचं वेळापत्रकही बघ. आणि सॉफ्टवेअरचं काही शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात मराठीतूनही धडे आहेत.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजकडे समन्वयक मागा. भांडायला जाऊ नका, चौघी मिळून अर्ज घेऊन जा. अर्जात एवढंच लिहा: "या कोर्ससाठी आमचे मार्गदर्शक कोण, ते कळवावे, आणि आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटर लॅब मिळावी." एनपीटेलचं लोकल चॅप्टर कॉलेजात आहे का, तेही विचारा, असेल तर तिथे एक जबाबदार प्राध्यापक नेमलेले असतात. कॉलेज यावर नाही म्हणू शकतं, मला कल्पना आहे. पण मागितलं नाही तर ते रिकामं पद कोणाला दिसणारही नाही. तुम्ही सगळ्या जणी स्वयंवर कशाबशा पास झालात, तर कागदावर असं दिसेल की शिक्षकाशिवाय छान चाललंय. पुढच्या बॅचलाही मग व्हिडिओच.

आणि तुझा तो शेवटचा प्रश्न. तुझ्यात काही कमी आहे का? हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसमध्ये शंभरातले सत्त्याण्णव टिकले नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांकडे लॅपटॉप होता, पदवी होती, इंग्रजी होतं. तू सातनंतर हातात येणाऱ्या फोनवर चार आठवडे केलंस. कमी तुझ्यात नाही. तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, एवढंच. ती भरायची सोय आधी करू.

हे रेकॉर्ड करायच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला. मंगळवार ठरलाय, लायब्ररीच्या मागच्या टेबलावर. तिघी यायच्या म्हणत होत्या, पहिल्या दिवशी पाच आल्या. अर्ज दिलाय, उत्तर अजून नाही. आलं की पुढच्या कुठल्यातरी भागात सांगेनच.

तुम्ही अर्धवट सोडलेला कोर्स कोणता, आणि का सोडलात? एका मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. लाजू नका, माझे दहा आहेत. आणि त्यातला एखादा परत उघडायचा असेल, तर आज आधी कोर्स शोधू नका. आधी दुसरा माणूस शोधा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.